शाळा उघडायच्या तर आधी कोणाच्या : पहिलीच्या की दहावीच्या?

उंबरठा (१९ सप्टेंबर २०२१)

कोविडच्या साथीमुळे बंद पडलेले प्रत्यक्ष वर्ग पुन्हा सुरू करण्याची चर्चा जेथे जेथे सुरू आहे, तेथे क्रम बहुधा एकच दिसतो : आधी दहावी-बारावी, मग मधल्या इयत्ता आणि सर्वांत शेवटी, परिस्थिती निवळली तर, पहिली-दुसरी. यामागची कारणे समजण्याजोगी आहेत. मोठ्या मुलांच्या परीक्षा जवळ असतात, ती मुखपट्टी नीट लावतात, आणि बारा वर्षांवरील मुलांना काही देशांत लसही मिळू लागली आहे. तरीही हा क्रम मला उलटा वाटतो.

माझी थोरली दहावीत आहे. पडद्यावरचे वर्ग तिला कंटाळवाणे वाटतात, पण अडलेले ती विचारू शकते आणि पुस्तक उघडून स्वतः वाचू शकते. धाकटा पहिलीत आहे आणि त्याने आपला वर्ग अजून पाहिलेलाच नाही. अक्षर गिरवताना त्याचा हात कोठून सुरू होतो आणि कोठे अडतो, हे पडद्यापलीकडच्या बाईंना दिसत नाही. डेन्मार्कने १५ एप्रिल २०२० रोजी शाळा उघडल्या, तेव्हा पाळणाघरे आणि पाचवीपर्यंतचे वर्ग आधी सुरू केले आणि सहावीपासून पुढच्या मुलांना मे महिन्याच्या मध्यापर्यंत घरीच थांबवले. मुलांचे लहान गट, लांब ठेवलेले बाक, मैदानावर घेतलेले तास, दिवसातून अनेकदा हात धुणे असा त्यांचा बंदोबस्त होता आणि त्यानंतर तेथील रुग्णसंख्या उसळली नाही. शाळा उघडाव्यात की उघडू नयेत यावर या चर्चापीठावर पूर्वी पुष्कळ वाद झाले आहेत. मला त्यापुढचे विचारायचे आहे : उघडायच्याच असतील, तर पहिला मान कोणाचा?

मधली_सुट्टी

आमच्या घरी या विषयावर मतदान घेतले. थोरल्याने धाकट्याची शाळा आधी उघडावी असे मत दिले आणि धाकट्याने थोरल्याची. इतका निःस्वार्थीपणा दोघांनीही यापूर्वी कधी दाखवला नव्हता.

आकडेमोड

डेन्मार्कचा दाखला देताना दोन गोष्टी सोबत सांगायला हव्यात. तेथे शाळा उघडल्या तेव्हा संसर्ग आधीच उतरणीला लागला होता, आणि तेव्हाचा विषाणू आजच्या डेल्टा प्रकाराइतक्या वेगाने पसरणारा नव्हता. लहान मुलांना लागण होत नाही ही समजूत तर २०२० च्या उन्हाळ्यातच खोटी ठरली. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात त्या जूनमध्ये मुलांचे एक निवासी शिबिर भरले होते. तपासणीचे निकाल मिळालेल्या ३४४ जणांपैकी २६० बाधित निघाले आणि सहा ते दहा वर्षे वयोगटातील निम्म्या मुलांना लागण झाली होती. मुलांना मुखपट्टीची सक्ती नव्हती, खोल्यांत वारा खेळत नव्हता आणि रोज मोठमोठ्याने गाणी व घोषणा चालत असत. मुलांचा आजार बहुतेक वेळा सौम्य असतो हे मला मान्य आहे. परंतु मूल संध्याकाळी घरी परतते आणि घरातील सर्वांची वये सहा ते दहा नसतात.

क्यूबाने याच महिन्यात दोन वर्षांवरील मुलांचे लसीकरण सुरू केले आहे. इतरत्र पाच ते अकरा वयोगटावरील चाचण्या बऱ्याच पुढे गेल्या आहेत. दीड वर्ष थांबलो, तर आणखी थोडे थांबणे इतके अवघड का व्हावे?

खडूफळा

थांबणे अवघड का, हे मी पहिली-दुसरीला शिकवते म्हणून सांगू शकते. पडद्यावर मी प्रश्न विचारला की उत्तर मुलाच्या आवाजात येते, पण ते बहुधा पडद्याबाहेरून पुरवलेले असते. वर्गात मूल शेजारी उभे राहून वाचते, तेव्हा त्याची नजर ओळीवरून सरकते आहे की छतावर लागली आहे, एवढ्यावरून ते वाचत आहे की पाठ म्हणत आहे हे क्षणात कळते. कोणी जोडाक्षरापाशी थबकतो, कोणी काना-वेलांटी गाळून अंदाजाने शब्द पुरा करतो, कोणाला अक्षरे येतात पण त्यांचा शब्द होत नाही. या तिघांना तीन वेगळ्या प्रकारे शिकवावे लागते आणि मुळात ते तिघे वेगळे आहेत हे दिसावे लागते. दहावीचा विद्यार्थी मागे पडला तर त्याला स्वतःला ते ठाऊक असते. सहा वर्षांच्या मुलाला ते ठाऊक नसते आणि पुष्कळदा त्याच्या पालकांनाही नसते, कारण गृहपाठाची वही सुंदर अक्षरांत भरलेली असते. (ते अक्षर कोणाचे, हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे.)

नेदरलँड्समध्ये शाळा पहिल्या खेपेस केवळ आठ आठवडे बंद होत्या आणि घरोघरी इंटरनेटची सोय उत्तम होती. आठ ते अकरा वर्षांच्या सुमारे साडेतीन लाख मुलांच्या चाचण्यांचे निकाल संशोधकांनी आधीच्या वर्षांशी ताडून पाहिले, तेव्हा शालेय वर्षाच्या साधारण एक पंचमांश इतके नुकसान आढळले. म्हणजे शाळा जितके दिवस बंद, जवळजवळ तितकेच शिकणे बुडाले. कमी शिकलेल्या पालकांच्या मुलांत ही घट ६० टक्क्यांपर्यंत अधिक होती. जेथे घरात एकच फोन आहे आणि तोही कामावर जातो, तेथील स्थिती तर याहून वाईट आहे : भारतात गेल्या महिन्यात पंधरा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील गरीब वस्त्यांत पाहणी झाली, त्यात ग्रामीण भागातील ८ टक्केच मुले नियमितपणे ऑनलाइन शिकत होती आणि ३७ टक्के मुलांचा अभ्यास पूर्णपणे थांबला होता.

तेव्हा माझे मत उंबरठा यांच्या बाजूने.

कोरी_वही

खडूफळा यांचा प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहे, तरीही मी दहावीच्या बाजूने उभा आहे आणि परीक्षेचे कारण मी देणार नाही. पहिलीतील मूल वर्षभर मागे पडले तर ते पुढच्या वर्षीही मूलच असते. त्याला शिकवण्याची संधी हातची जात नाही. पंधरा वर्षांच्या मुलाने शाळा सोडून काम धरले आणि घराला त्याच्या कमाईची सवय लागली, की त्याला परत आणणे फार कठीण होते. मुलींच्या बाबतीत ते आणखी कठीण असते.

सिएरा लिओनचे उदाहरण यासाठी पाहण्यासारखे आहे. इबोलाच्या साथीमुळे तेथील शाळा २०१४ च्या सुट्टीनंतर उघडल्याच नाहीत. त्या एप्रिल २०१५ मध्ये सुरू झाल्या. मधल्या काळात रेडिओवरून पाठ दिले गेले आणि तो प्रयत्न स्तुत्यही होता. परंतु त्याच काळात किशोरवयीन मुलींमधील गर्भधारणा वाढल्या आणि शाळा उघडताना सरकारने गर्भवती मुलींना प्रवेशच नाकारला. ही बंदी मार्च २०२० मध्ये उठली आणि लगेच नव्या साथीमुळे शाळांचे दरवाजे सगळ्यांनाच बंद झाले. लहान मुले शाळेबाहेर राहिली तर वाचन कच्चे राहते आणि मोठी राहिली तर शाळाच सुटते, असा हा फरक आहे. पहिला मान द्यायचा, तर जे नुकसान भरून येत नाही त्याला द्यावा.

खडूफळा

कोरी_वही, शाळा सुटण्याचा मुद्दा मला मान्य आहे. पण जे मूल तिसरीपर्यंत वाचू शकत नाही, तेच पुढे आठवी-नववीत शाळा सोडते. तुमचा पंधरा वर्षांचा मुलगा शाळा सोडतो तेव्हा ती सोडण्याची सुरुवात पुष्कळदा माझ्या वर्गात झालेली असते.

शेवटचा_बाक

कॅलिफोर्नियातील मरीन परगण्याचा ताजा अहवाल कोणी वाचला का? मे महिन्यात तेथील एका प्राथमिक शाळेत लस न घेतलेली एक शिक्षिका लक्षणे असताना वर्गावर आली आणि मुलांना वाचून दाखवताना अधूनमधून मुखपट्टी काढत राहिली. वर्गात २४ मुले होती. त्यांतील २२ जणांची तपासणी झाली आणि १२ जण बाधित निघाले. पहिल्या दोन रांगांतील दहापैकी आठ मुलांना लागण झाली. मागच्या तीन रांगांतील चौदापैकी फक्त चौघांना.

मागे बसण्याचे फायदे मी शालेय जीवनात अनेकदा मांडले होते. त्याला शास्त्रीय पुरावा मिळायला इतकी वर्षे लागली.

मधली_सुट्टी

तरीही मागच्या रांगेतील चौघे सापडलेच. मागे बसून कोणी पूर्ण सुटत नाही, हेही आपण शालेय जीवनात शिकलो आहोत.

आकडेमोड

शेवटचा_बाक यांच्या उदाहरणावर जरा थांबू या, कारण त्यात या धाग्याच्या कामाची गोष्ट आहे. त्या वर्गात मुलांनी मुखपट्टी लावली होती, बाकांत सहा फुटांचे अंतर होते, खिडक्या उघड्या होत्या आणि हवा गाळणारे यंत्रही होते. साखळी सुरू झाली ती एका प्रौढ व्यक्तीपासून, आणि ती टाळण्याचे दोन्ही उपाय, लस घेणे व आजारी असताना घरी थांबणे, हे प्रौढांसाठीचे होते. मुलांचे वय येथे गौण ठरते. शिक्षक, मदतनीस आणि वाहनचालक या सर्वांचे लसीकरण पूर्ण झाल्याखेरीज मी कोणत्याही इयत्तेला होकार देणार नाही. त्यानंतर मग पहिली की दहावी ते ठरवू.

सत्तरीपार

मुलांकडून घरातील मोठ्यांना लागण होण्याचा विषय वर निघाला, म्हणून एका ज्येष्ठाने लिहिणे योग्य होईल. मी लसीच्या दोन्ही मात्रा घेतल्या आहेत. माझी खोली वेगळी आहे आणि नातवंडे शाळेतून आल्यावर काही वेळ मी अंगणात बसू शकतो. सर्वच घरांत हे शक्य नसते याची मला जाणीव आहे; एका खोलीत सहा माणसे राहतात तेथे माझा सल्ला निरुपयोगी आहे. परंतु ज्या घरांत शक्य आहे, त्यांनी तरी म्हाताऱ्यांचे नाव पुढे करून मुलांना घरात बसवू नये. माझ्या काळजीपोटी नातीने वाचायला शिकू नये, हे ओझे मला नको आहे. आणि एक स्पष्ट बोलतो : पुष्कळ घरांत भीती आईवडिलांना वाटते आणि नाव आजोबांचे सांगितले जाते.

चैत्रपालवी

सत्तरीपार काका, तुमचा प्रतिसाद आवडला, पण माझी अडचण वेगळी आहे. माझ्या मुलाला अवयवरोपणानंतरची औषधे चालू आहेत. त्यामुळे त्याची प्रतिकारशक्ती दबलेली आहे आणि लस घेतली तरी ती त्याच्यात कितपत काम करील याची डॉक्टर खात्री देत नाहीत. ज्यांना भीती वाटते त्यांनी मूल घरी ठेवावे, बाकीच्यांनी पाठवावे, असे अनेक जण सहजपणे म्हणतात. शाळा सुरू झाल्या की ऑनलाइन वर्ग बंद होतात, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. म्हणजे आजवर जो सर्वांबरोबर घरी शिकत होता, तो उद्यापासून एकटाच घरी राहील आणि त्याला शिकवणारे कोणी नसेल. आधी पहिली की आधी दहावी, यापैकी कोणत्याही उत्तरात त्याची जागा मला दिसत नाही.

खडूफळा

चैत्रपालवी, तुमची तक्रार रास्त आहे. त्यावर साधारणपणे सुचवला जाणारा उपाय म्हणजे वर्गात कॅमेरा लावून दोन्हीकडे एकाच वेळी शिकवणे. तो मी करून पाहिला आहे आणि कोणालाही सुचवणार नाही. फळ्याकडे वळले की पडद्यावरच्या मुलांना पाठ दिसते, पडद्याशी बोलू लागले की वर्गातली मुले एकमेकांच्या डब्यांची चौकशी सुरू करतात. सर्व तुकड्यांतील घरी राहणारी मुले एकत्र करून त्यांच्यासाठी एक स्वतंत्र शिक्षक नेमला, तर ते जमू शकते. ज्या शिक्षकांना स्वतःलाच गंभीर सहव्याधी आहेत, त्यांच्याकडे हे काम आपोआप जाऊ शकेल.

शिक्षकांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. स्वीडनने नववीपर्यंतच्या शाळा बंद केल्या नाहीत, उच्च माध्यमिक वर्ग मात्र २०२० च्या वसंतात ऑनलाइन नेले. त्यामुळे दोन्ही ठिकाणच्या शिक्षकांची तुलना करता आली. वर्गात शिकवणाऱ्या सातवी ते नववीच्या शिक्षकांत लागण होण्याचे प्रमाण घरून शिकवणाऱ्यांच्या साधारण दुप्पट निघाले. पालकांमधील वाढ त्या मानाने किरकोळ होती. आकडेमोड यांची शिक्षकांच्या लसीकरणाची अट मला म्हणूनच जिव्हाळ्याची वाटते, आणि तो काळ तर डेल्टाच्याही आधीचा आहे.

जुनी_पाने

अवांतर वाटेल, पण विषयाला धरून आहे. १९१८ च्या फ्लूच्या साथीत अमेरिकेतील बहुतेक शहरांनी शाळा बंद केल्या. न्यू यॉर्क आणि शिकागो यांनी केल्या नाहीत. न्यू यॉर्कचे तेव्हाचे आरोग्य आयुक्त रॉयल कोपलँड यांचा युक्तिवाद असा होता की दाटीवाटीच्या चाळींत राहणाऱ्या मुलांना शाळेतच अधिक मोकळी जागा मिळते आणि तेथे त्यांची रोज तपासणीही होते. त्याआधी क्षयाच्या भीतीने उघड्या हवेतील शाळाही निघाल्या होत्या : १९०४ मध्ये बर्लिनजवळ शार्लोटेनबुर्ग येथे जंगलात, १९०८ मध्ये अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स येथे. मुले थंडीत पांघरुणे गुंडाळून बसत. हवा खेळती हवी हे शंभर वर्षांपूर्वी ठाऊक होते. मधल्या काळात आपण खिडक्या बंद करून शाळा वातानुकूलित करण्याला प्रगती समजू लागलो.

कोपलँड यांचा निर्णय बरोबर होता की नाही यावर इतिहासकारांत आजही वाद आहेत, तेव्हा मी त्यांचा दाखला पुरावा म्हणून देत नाही. पण शाळा बंद म्हणजे मूल सुरक्षित, हे गृहीतक त्यांनी तपासून पाहिले, एवढे निश्चित.

शेवटचा_बाक

वातानुकूलनावरून आठवले. जेरुसलेममधील एका शाळेत मे २०२० मध्ये उष्णतेची लाट आली म्हणून मुलांना काही दिवस मुखपट्टीतून सूट दिली गेली आणि वातानुकूलन यंत्रे सुरू राहिली. वर्गांत पस्तीसहून अधिक मुले होती. परिणाम : १५३ विद्यार्थी आणि २५ कर्मचारी बाधित. ही सातवी ते बारावीची शाळा होती, तेव्हा मोठी मुले मुखपट्टी नीट लावतात या मूळ धाग्यातील वाक्याशेजारी एक प्रश्नचिन्ह टाकावे.

कोरी_वही

ती सूट सरकारनेच दिली होती. ती मुलांच्या माथी मारू नका. शिवाय त्या शाळेत सातवी ते नववीतील लागण दहावी ते बारावीपेक्षा अधिक होती, हेही त्याच अहवालात आहे.

रिकामा_वर्ग

मी वाचत होतो. मला वाटते दोन्ही बाजू एका गोष्टीला वळसा घालत आहेत. कोणाला आधी बोलवावे या प्रश्नाच्या पोटात जागा कोणाला द्यावी हा प्रश्न आहे. डेन्मार्कला लहान मुलांचे गट विखरून बसवता आले, कारण मोठी मुले घरी असल्याने त्यांच्या खोल्या आणि मैदाने मोकळी होती. सगळ्यांना एकदम बोलावले असते तर बाकांतील अंतर कागदावरच राहिले असते. म्हणून ज्या गटाला आपण पहिला मान देऊ, त्याच्यासाठी दुसऱ्या गटाला जागा सोडावी लागणार. पहिली आणि दहावी दोन्ही एकदम सुरू करून समाधान मानणे हा सर्वांत वाईट मार्ग आहे.

दुसरा मुद्दा वेळापत्रकाचा. प्राथमिक वर्गाला बहुधा एकच शिक्षक दिवसभर असतो. वीस मुले आणि एक शिक्षक हा गट इतरांत न मिसळता आठवडे काढू शकतो, आणि कोणी आजारी पडले तर तेवढाच गट घरी बसवता येतो. दहावीला गणिताचे, भाषेचे, विज्ञानाचे शिक्षक वेगळे. ते दिवसात पाच तुकड्यांवर जातात. तेथे एका शिक्षकाला लागण झाली की पाच वर्ग बंद. वयाचा विचार बाजूला ठेवला, तरी केवळ रचनेच्या दृष्टीने प्राथमिक शाळा चालू ठेवणे सोपे आहे.

कोरी_वही

गट न मिसळण्याचा मुद्दा पटण्यासारखा आहे, पण त्यावरून दहावीला पूर्ण घरी बसवावे हे निघत नाही. मोठ्या मुलांना आठवड्यातून एक-दोन दिवस, तुकडी अर्धी करून, केवळ प्रयोगशाळा आणि शंकानिरसनासाठी बोलवा. त्यांना व्याख्यान पडद्यावर चालते, हे उंबरठा यांनीच म्हटले आहे. पण शाळेशी धागा राहू द्या. जो मुलगा दोन आठवडे आला नाही त्याच्या घरी कोणीतरी जाऊन यावे, एवढी हजेरीची नोंद तरी राहील. माझी खरी भीती तीच आहे. कोण गळाले हे कळण्याच्या आत ती मुले गळालेली असतील.

उंबरठा

कोरी_वही आणि रिकामा_वर्ग, तुमच्या दोघांच्या प्रतिसादांतून मला हवी होती तशी मांडणी तयार होते आहे. लहान मुले रोज, मोकळ्या झालेल्या सर्व खोल्या वापरून. मोठी मुले आळीपाळीने, ठरावीक कामासाठी. दहावी आधीच, पूर्ण क्षमतेने आणि पहिली अनिश्चित काळासाठी बंद, या योजनेला माझा विरोध कायम आहे. फक्त मुखपट्टीचे कोडे सुटत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची सूचना अशी आहे की पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना सक्ती करू नये, सहा ते अकरा वयोगटासाठी स्थानिक धोका पाहून ठरवावे आणि बारा वर्षांपुढे मोठ्यांचेच नियम लावावेत. म्हणजे नेमक्या आपल्या वादातील वयोगटाला निर्णय ज्याचा त्याने घ्यावा असे सांगितले आहे. खडूफळा, मुखपट्टी लावून अक्षरांचे उच्चार कसे शिकवणार?

खडूफळा

मैदानावर, अंतर राखून, मुखपट्टी खाली घेऊन, तेवढाच तास. बाकीचे तास वर्गात, मुखपट्टीसह. पाऊस आला तर व्हरांड्यात. याहून चांगले उत्तर माझ्याकडे नाही.

मला अधिक काळजी आहे ती उघडल्यानंतरच्या पहिल्या महिन्याची. पाकिस्तानात ऑक्टोबर २००५ च्या भूकंपानंतर शाळा सरासरी चौदा आठवडे बंद होत्या. चार वर्षांनी संशोधकांनी मुलांची चाचणी घेतली, तेव्हा भूकंपाच्या पट्ट्यातील मुले इतरांपेक्षा दीड ते दोन वर्षे मागे आढळली. चौदा आठवड्यांची तूट इतकी कशी वाढली? बहुधा यामुळे की शाळा उघडल्यावर वर्ग पाठ्यपुस्तकाच्या ठरलेल्या पानावरून पुढे गेला आणि मागे राहिलेल्यांना तो कधीच गाठता आला नाही. आता जी मुले तिसरीत बसतील त्यांनी पहिलीचा वर्ग अर्धवट आणि दुसरीचा अजिबात पाहिलेला नाही. त्यांच्या हाती तिसरीचे पुस्तक देऊन पहिल्या दिवशी पहिला धडा सुरू केला, तर आपण वर चालवलेला सगळा वाद व्यर्थ आहे.

आकडेमोड

हा अभ्यास मला माहीत नव्हता. माझी लसीकरणाची अट कायम आहे, परंतु लहान मुलांच्या लसीसाठी थांबण्याचा हिशेब यामुळे बदलतो, कारण थांबण्याची किंमत आठवड्यांच्या प्रमाणात वाढत नाही, त्याहून वेगाने वाढते. मग एक गोष्ट आधीच ठरवून लिहून ठेवावी लागेल : एका गटात बाधित आढळला तर किती दिवस तो गट घरी, आणि किती गट बाधित झाले की पूर्ण शाळा बंद. हे लिहिलेले नसेल, तर पहिल्या रुग्णाच्या बातमीसरशी सगळी शाळा पुन्हा बंद होईल.

चैत्रपालवी

त्या लेखी नियमांत घरी राहणाऱ्या मुलांसाठीच्या स्वतंत्र शिक्षकाचेही कलम घालावे. खडूफळा, तुमच्या शाळेत तसा शिक्षक नेमला गेला आहे, की ती अजून सूचनाच आहे?

खडूफळा

अजून सूचनाच आहे. मुख्याध्यापिकांनी पालकसभेत मांडायला सांगितली आहे. एका तुकडीतून एक-दोनच मुले निघतात म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते. सर्व तुकड्यांतील मिळून संख्या किती हे अद्याप कोणी मोजलेले नाही. मोजणी मी या आठवड्यात सुरू करते आहे.